'आपण' आणि 'आम्ही' : किनारी नौकानयनाच्या कथनातील दुसरे माणूस

१

सागरप्रवासाच्या साहित्याचा विचार करताना समीक्षेने महासागराला नेहमीच झुकते माप दिले आहे. अथांग पाणी, एकाकी मनुष्य आणि दृष्टिपथात कोठेही जमीन नसणे या तीन घटकांतून साहसाची, आत्मशोधाची किंवा नियतीशी झुंजीची कथा सहज उभी राहते. आणि अशा कथेसाठी लागणारी परिभाषा रोमँटिक समीक्षेने तयारच ठेवलेली असते. जोशुआ स्लोकमने एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचे वर्णन (१९००) हा या परंपरेचा आदर्श मानला जातो. त्या मानाने किनाऱ्याच्या आश्रयाने, लहान शिडाच्या नौकेतून, एका बंदराहून दुसऱ्या बंदराकडे जाणाऱ्या दोघांचे कथन हे छंदिष्टांचे वाङ्मय म्हणून उपेक्षित राहिले. हा प्रकार दुय्यम का मानावा, याचे समाधानकारक कारण मात्र कोणी दिलेले नाही. उलट, कथनमीमांसेच्या दृष्टीने तो अधिक गुंतागुंतीचा आहे, असे दाखविता येते.

महासागरात वादळ आले, तर नाविकापुढे फारसा पर्याय नसतो. शिडे आवरावयाची, दारे-खिडक्या बंद करावयाच्या आणि वादळ ओसरण्याची वाट पाहावयाची. किनाऱ्यालगत परिस्थिती वेगळी असते. तेथे दर तासाला पर्याय उपलब्ध असतो: पुढे जावे, मागे फिरावे, एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकावा की बाहेर खोल पाण्यात निघून जावे? उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर हवा क्वचितच स्थिर राहते. अटलांटिकवरून सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा जवळ येऊ लागला की वायुभारमापकातील पारा उतरू लागतो, वारा दक्षिणेकडून वा नैर्ऋत्येकडून जोर धरतो, बारीक पाऊस आणि धूसरता येते. पट्टा ओलांडून गेला की वारा एकाएकी वायव्येकडे वळतो, आकाश उघडते आणि झोतांमागून झोत येऊ लागतात. सकाळी जे बंदर सुरक्षित आडोसा असते, तेच वारा फिरल्यावर सापळा ठरते. शिवाय वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर जमीन हाच सर्वांत मोठा धोका असतो. घाबरलेले मन जमिनीकडे ओढ घेते, आणि नाविकाचे शास्त्र जमिनीपासून दूर जा असे बजावते.

बदलती हवा ही अशा कथनात केवळ पार्श्वभूमी नसते. ती निर्णयाचे प्रसंग निर्माण करते. नौकेवर माणसे दोन असतील, तर प्रत्येक निर्णयाला संमतीचा किंवा मतभेदाचा प्रश्न चिकटलेला असतो. निर्णय कोणी घेतला, दुसऱ्याला विचारले काय, दुसऱ्याने काय म्हटले, आणि पुढे लिहिताना त्याचे काय झाले, हे प्रश्न किनारी नौकानयनाच्या कथनाला टाळता येत नाहीत. ते टाळले गेले असतील, तर त्या टाळण्याच्या खुणा संहितेत राहतात. सागरी प्रवासवर्णनाच्या वाचनात या खुणांचा माग घेणे हे म्हणूनच केवळ सौंदर्यशास्त्रीय काम उरत नाही.

२

या ठिकाणी मराठी वाचकाला त्याच्या भाषेने एक सूक्ष्म साधन दिले आहे. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत ती दोन आहेत. 'आपण' या रूपात ज्याच्याशी बोलणे चालले आहे तोही सामील असतो; 'आम्ही' या रूपातून तो वगळला जातो. “आपण परत फिरावे का?” हा प्रश्न नौकेतील एकाने दुसऱ्याला विचारावयाचा असतो. “आम्ही परत फिरलो” हे विधान मात्र नौकेबाहेरच्या तिसऱ्यासाठी, म्हणजे वाचकासाठी असते. हा भेद अन्य कित्येक भाषांत आहे, आणि एमील बाँव्हनिस्तने क्रियापदातील पुरुषव्यवस्थेवरील आपल्या १९४६ च्या निबंधात त्याचे विश्लेषण केले आहे. त्याच्या मते 'मी' आणि 'तू' याच खऱ्या अर्थाने व्यक्ती होत. 'तो' किंवा 'ती' हा व्याकरणातील पुरुष असला, तरी संवादाच्या दृष्टीने तो अ-व्यक्ती आहे. बहुवचनही त्यामुळे दुभंगते: 'मी' अधिक 'तू' हे एक बहुवचन, 'मी' अधिक 'ती' हे दुसरे.

दोघांच्या प्रवासाचे इंग्रजी वर्णन मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकाराला पानोपानी हा निर्णय करावा लागेल. पुस्तक वाचकासाठी असल्याने रूप बहुतेक वेळा 'आम्ही' असेच येईल. परंतु त्या 'आम्ही'च्या तळाशी केव्हातरी नौकेत उच्चारलेले 'आपण' असावयास हवे. ते होते काय, आणि असल्यास संहितेत त्याचे काय अवशेष उरले, याचा शोध घेणे हे या प्रकारच्या लेखनाच्या वाचनाचे मध्यवर्ती सूत्र होऊ शकते. 'आपण' प्रत्यक्षात अस्तित्वात नसताना लिहिलेले 'आम्ही' हे बहुवचनाच्या वेषातील 'मी'च असते. याच कसोटीवर पुढील तीन संहितांचा विचार केला आहे.

३

प्रारंभी एका पूर्वसूरीची नोंद घेणे आवश्यक आहे. अर्स्किन चिल्डर्सची 'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीच्या फ्रिजियन बेटांमागील उथळ, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या प्रदेशात डेव्हिस आणि कॅरुथर्स हे दोन मित्र एका लहान नौकेतून हिंडतात. हेरकथेचा सांगाडा बाजूला ठेवला, तर जे उरते ते बदलत्या हवेतील किनारी प्रवासाचे असाधारण चित्रण आहे. विशेषतः दाट धुक्यात होकायंत्राच्या आधाराने छोट्या होडीतून मेमर्ट बेटापर्यंत केलेला प्रवास.

लक्षणीय गोष्ट अशी की, कादंबरीचा निवेदक हा नौकेचा तांडेल नव्हे. समुद्राचे ज्ञान डेव्हिसपाशी आहे, आणि कथन नवशिक्या कॅरुथर्सकडे सोपविलेले आहे. ज्याला सुकाणू कळते त्याला शब्द जुळत नाहीत. ज्याला शब्द जुळतात त्याला सुकाणू कळत नाही. ज्ञान आणि वाणी यांच्या या विभागणीमुळे दोघांनाही एकमेकांची गरज भासते, आणि 'आपण' घडत जाताना वाचकाला दिसते. कॅरुथर्सचा सुरुवातीचा वैताग, हळूहळू येणारी जाण आणि अखेरचा विश्वास या पायऱ्या हवेच्या प्रत्येक बदलाशी बांधलेल्या आहेत.

हे बहुवचन अर्थात दोन पुरुषांचे आहे. प्रेमकथेचा धागा हवा म्हणून कादंबरीत घातलेली तरुणी आपल्याला नकोशी झाल्याची तक्रार चिल्डर्सने पत्रातून केली होती. वाङ्मयप्रकाराच्या संकेताने लेखकाला कसे बांधले होते, हे त्यातून दिसते. प्रत्यक्ष आयुष्यात या संकेताचा प्रतिवाद त्यानेच केला. १९०५ मध्ये बांधलेली 'आस्गार्ड' ही नौका त्याला व त्याची पत्नी मॉली हिला विवाहाची भेट म्हणून मिळाली होती. बालपणीच्या अपघातामुळे पायाने अधू असलेली मॉली सुकाणू सांभाळण्यात तरबेज झाली, आणि २६ जुलै १९१४ रोजी आयरिश स्वयंसेवकांसाठी बंदुका घेऊन 'आस्गार्ड' हाउथ बंदराला लागली तेव्हा ती नौकेवर होती. त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली तीही नौकेवरील दुसऱ्या एका स्त्रीने, मेरी स्प्रिंग राइसने. कादंबरीला जी जागा सापडली नव्हती, ती रोजनिशीला सापडली.

४

आर्थर रॅन्समचे 'रकुंड्राज फर्स्ट क्रूझ' (१९२३) हे या विषयाचे मध्यवर्ती उदाहरण होय. रॅन्सम (१८८४-१९६७) हा पुढे मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांमुळे जगप्रसिद्ध झाला. त्याआधी तो रशियन राज्यक्रांतीचा वार्ताहर होता. १९२२ मध्ये रीगा येथे त्याने 'रकुंड्रा' ही सुमारे तीस फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची, रुंद बांध्याची नौका बांधून घेतली. त्याच वर्षी ऑगस्टच्या उत्तरार्धात तो रीगाहून निघाला. रूनो बेट, एस्टोनियाची बेटे व मुख्य भूमी यांमधील मून साउंडचा उथळ जलमार्ग, बाल्टिक पोर्ट, रेव्हाल (आजचे टालिन) असे थांबे घेत हेलसिंगफोर्सला (आजच्या हेलसिंकीला) पोचला, आणि शरदातील वादळी वाऱ्यांना तोंड देत सप्टेंबरअखेर परतला. बाल्टिक समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसते. पाण्याची पातळी वाऱ्याने व हवेच्या दाबाने चढते-उतरते. त्यामुळे नौकेच्या तळाखाली किती पाणी आहे हेसुद्धा तेथे हवेवरच अवलंबून असते. लाटा आखूड आणि उभ्या असतात. प्रवासवर्णन या साऱ्याचे तपशील बारकाईने देते: वाऱ्याची दिशा, वेळ, बोया दिसल्याची नोंद, नांगर टाकल्याची खोली.

नौकेवर तीन माणसे होती. पुस्तकात त्यांना त्यांच्या कामांनी ओळखले जाते. रॅन्सम स्वतः 'मालक आणि कप्तान', वृद्ध खलाशी 'पुराणा दर्यावर्दी', आणि तिसरी 'स्वयंपाकीण'. पुस्तकात या तिघांनाही खरे नाव नाही. ही स्वयंपाकीण म्हणजे येव्हगेनिया पेत्रोव्हना शेलेपिना; १९१७ नंतर ट्रॉट्स्कीची सचिव असलेली, १९१९ मध्ये रॅन्समबरोबर रशिया सोडलेली, आणि पुढे मे १९२४ मध्ये रेव्हाल येथे त्याच्याशी विवाहबद्ध झालेली स्त्री. वृद्ध खलाशी म्हणजे कार्ल सेमेल. ही नावे वाचकाला पुढे चरित्रकारांकडून कळली; पुस्तकाने ती सांगितली नाहीत.

तिघांनाही कामावरून नावे देणे हा खेळकर समतेचा नमुना आहे, असे रॅन्समच्या बाजूने म्हणता येईल. लेखकाने स्वतःचीही थट्टा केली आहे, मग स्त्रीवादी आक्षेपाला जागा कोठे? या युक्तिवादाला फिलिप लेजनच्या 'आत्मचरित्रात्मक करार' (१९७५) या संकल्पनेतून उत्तर मिळते. लेजनच्या मते लेखक, निवेदक आणि प्रमुख व्यक्ती यांची एकरूपता मुखपृष्ठावरील नावाने सिद्ध होते. 'मालक आणि कप्तान' आतील पानांवर नाव टाकून देतो, कारण मुखपृष्ठावर ते त्याची वाट पाहत असते. स्वयंपाकिणीला आणि खलाशाला परत जाण्यासाठी तसे मुखपृष्ठ नाही. एकाच खेळात एकजण मुखवटा घालतो आणि दोघे मुखवट्याआड नाहीसे होतात. त्यातही ग्रंथाच्या शीर्षकात विराजमान झाली आहे ती नौका. मराठीत होडीला आणि अभिधानाला एकच शब्द आहे. या पुस्तकात नावेला नाव आहे, तिच्यात बसलेल्या स्त्रीला नाही.

परंतु निष्कर्षाची घाई येथे टाळावयास हवी. १९२३ मध्ये रॅन्सम कायद्याने आयव्ही वॉकरचा पती होता, आणि त्याचा घटस्फोट व्हावयाचा होता. ज्या स्त्रीशी त्याचा विवाह झालेला नाही, जी बोल्शेव्हिक राजवटीच्या एका प्रमुख नेत्याच्या कार्यालयातून आलेली आहे, तिचे नाव इंग्रजी वाचकांसमोर छापणे हा तिच्यावरही अन्याय ठरला असता. त्या दृष्टीने 'स्वयंपाकीण' हे नाव म्हणजे आडोशाचे बंदर होते. मराठी वाचकाला हे मौन पूर्णतः परके वाटू नये. पती-पत्नींनी परस्परांची नावे न घेण्याचा संकेत, 'मंडळी', 'कुटुंब', 'हे' यांसारखी पर्यायी संबोधने आणि उखाण्यातून नाव घेण्याची विधिवत सवलत यांच्याशी तो परिचित असतो. नाव न घेणे हे नेहमीच पुसून टाकणे नसते. कधी ते झाकून जपणेही असते.

हा अर्थ मान्य केला तरी प्रश्न उरतो, आणि तो नावाचा नसून संवादाचा आहे. नाव झाकूनही मत नोंदविता आले असते. चिल्डर्सच्या कादंबरीत कप्तान आणि निवेदक वेगळे होते. येथे ते एक झाले आहेत. नौकेच्या रोजनिशीचा घाट असा की, तीत निर्णय परिणामाच्या रूपाने येतो: वारा वळला, शीड आखडले, अमुक बेटाच्या आडोशाला गेलो. निर्णयापूर्वीचे बोलणे रोजनिशीत येत नाही, कारण रोजनिशी कप्तानाची असते, आणि कप्तान नौकेवर उत्तरदायी असतो तो एकटाच. या कायदेशीर संकेतावर प्रवासवर्णन उभारले, की सहप्रवाशांची संमती गृहीत धरली जाते. स्वयंपाकीण वाचकाला भेटते ती गरम जेवण, थट्टा आणि सुकाणूवरील पाळी यांतून. तिची मातृभाषा रशियन. तिच्या तोंडचे जे काही येते ते त्याच्या इंग्रजीतून येते. बाँव्हनिस्तच्या परिभाषेत, नौकेत ती 'तू' असेल, पण पानावर ती 'ती' आहे. ज्या 'आम्ही'ने बंदरे गाठली, त्यातील 'आपण' कथनाबाहेर राहिले.

या पुस्तकाचे गुण त्यामुळे कमी होत नाहीत. इंग्रजी किनारी प्रवासवर्णनाच्या गद्याला त्याने नेमकेपणाची आणि निगर्वी विनोदाची जी शिस्त लावली, ती आजही वाखाणली जाते. उलट, असे म्हणता येईल की गद्य इतके नेमके आहे, म्हणूनच त्यातील रिकामी जागा इतकी स्पष्ट दिसते. १९२५ मध्ये 'रकुंड्रा' अॅडलार्ड कोल्सने विकत घेतली आणि तो व त्याची पत्नी ती रीगाहून इंग्लंडला घेऊन आले. 'क्लोज हॉल्ड' (१९२६) हे त्याच प्रवासाचे वर्णन. विक्रीच्या वेळी नौका दिली गेली, नाव मात्र रॅन्समने स्वतःकडे ठेवले, आणि नौकेला नवे नाव घ्यावे लागले. नावावरील लेखकाचा हक्क किती काटेकोर असू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

५

रोजनिशीच्या घाटाने जे बाहेर ठेवले, ते रॅन्समच्याच लेखनात चौदा वर्षांनंतर परतले. मात्र प्रवासवर्णनातून नव्हे, मुलांच्या कादंबरीतून. 'वुई डिडन्ट मीन टू गो टू सी' (१९३७) या कादंबरीत वॉकर कुटुंबातील चार भावंडे हार्विच बंदरानजीक 'गॉब्लिन' या नौकेवर असतात. नौकेचा तरुण मालक पेट्रोल आणावयास किनाऱ्यावर जातो आणि परतत नाही. धुके दाटते, भरती चढते, नांगर घसरतो आणि नौका मुलांसकट खुल्या समुद्राकडे वाहू लागते. बंदराबाहेर न जाण्याचे वचन त्यांनी आईला दिलेले असते.

मोठा भाऊ जॉन आणि त्याच्या पाठची सूझन यांच्यात जो संघर्ष होतो, तो या कादंबरीचा गाभा आहे. धुक्यात आणि अंधारात वाळूच्या बांधांमधून परत फिरणे अधिक धोक्याचे, म्हणून खोल पाण्यात निघून जावे, हा जॉनचा विचार. वचन मोडता कामा नये, परत फिरलेच पाहिजे, हा सूझनचा आग्रह. किनारी नौकानयनाचा मूलभूत पेच येथे दोन व्यक्तींत विभागून दिला आहे. निवेदक कोणाची बाजू घेत नाही. सूझनचा आग्रह हा भित्रेपणा ठरविला जात नाही. तिच्या आग्रहाला नैतिक आधार आहे, आणि समुद्र लागून ती हतबल झालेली असतानाही तो खोटा ठरत नाही. जॉन खरोखरच नौका वळवितो. वाऱ्याच्या तोंडावर परतण्याचा तो प्रयत्न किती असह्य आहे, हे सूझन स्वतः अनुभवते, आणि मग पुढे जाण्यास ती संमती देते. ती संमती मागितली गेली आहे, नाकारली गेली आहे आणि अनुभवानंतर दिली गेली आहे. एवढ्या टप्प्यांतून गेल्यावरच 'गॉब्लिन'वर 'आपण' निर्माण होते, आणि रात्रभरच्या वादळानंतर नौका हॉलंडच्या फ्लशिंग बंदराला पोचते.

शीर्षकातील बहुवचनही विचारात घेण्यासारखे आहे. त्याचे मराठी रूपांतर 'आम्ही'नेच करावे लागेल, कारण ते विधान मुलांनी वडीलधाऱ्यांपुढे केलेला खुलासा आहे. परंतु या 'आम्ही'च्या मागे वाचकाने पाहिलेले, भांडून मिळविलेले 'आपण' उभे आहे. 'रकुंड्रा'च्या वर्णनात हेच नव्हते. येथे एक प्रश्न उपस्थित होतो: प्रौढ पुरुष आणि स्त्री यांच्यातील मतभेद जेथे लिहिता आला नाही, तेथे तो बहीण-भावांच्या रूपात का लिहिता आला? एक उत्तर असे की, कादंबरीतील तृतीयपुरुषी निवेदक नौकेवर नसतो, आणि म्हणून त्याला कप्तानाची प्रतिष्ठा सांभाळावी लागत नाही. 'मी' गेला आणि 'ती'ला वाणी मिळाली. अर्थात सूझन ही वॉकर भावंडांच्या सर्व कथांत स्वयंपाक सांभाळणारी आहे, हेही विसरता येणार नाही. रॅन्समला स्वयंपाकिणीचे मत लिहिता आले, पण तिच्या हातातील पातेले काही त्याला काढून घेता आले नाही.

६

आतापर्यंतच्या संहितांत लेखणी पुरुषाच्या हाती आहे. अॅन डेव्हिसनचे 'लास्ट व्हॉयेज' (१९५१) हे पुस्तक हा क्रम उलटविते, आणि त्यासाठी भयंकर किंमत मोजून. अॅन आणि तिचा पती फ्रँक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर 'रिलायन्स' ही जुनी, सुमारे सत्तर फुटी नौका घेतली. फ्लीटवुड येथे तिच्या दुरुस्तीत कर्ज वाढत गेले. नौका जप्त होणार असे दिसू लागल्यावर १९४९ मध्ये दोघे तिच्यातून निघून गेले. बेकायदा प्रवास ही कबुली पुस्तकाच्या उपशीर्षकातच आहे. वाईट हवा, नादुरुस्ती आणि झोपेचा अभाव यांनी खचलेली ती दोघे अखेर इंग्लिश खाडीत ढकलली गेली, आणि नौका पोर्टलंड बिल येथे खडकांवर आदळली. तेथे भरती-ओहोटीचे प्रवाह पाण्याखालच्या कड्यावरून वाहताना एकमेकांवर आदळतात आणि शांत दिवशीही पाणी उसळते. तरंगत्या तराफ्यावर फ्रँक मरण पावला. अॅन किनाऱ्याला लागली आणि कडा चढून वर आली.

किनारी प्रवासाची जी व्याख्या प्रारंभी केली, तिच्या दृष्टीने या प्रवासातील निर्णायक गोष्ट हवा नव्हे, कर्ज आहे. किनारा समोर होता, पण बंदर मिटलेले होते. मागे फिरणे म्हणजे नौका गमावणे. बदलत्या हवेत परत फिरण्याची जी मुभा किनारी नाविकाला असते, ती या दोघांकडून धनकोंनी काढून घेतली होती. महासागराची पर्यायहीनता त्यांना किनाऱ्यावरच भोगावी लागली. म्हणूनच पुस्तकाचा मोठा भाग प्रवासाला नव्हे, प्रवासापर्यंतच्या आयुष्याला दिलेला आहे, ही रचनेतील चूक मानता येत नाही. 'निघावे की न निघावे' हा एकच खरा निर्णय होता, आणि तो समुद्रावर नव्हे, जमिनीवर झाला. लेखिका त्या निर्णयातील आपला वाटा नाकारीत नाही. पतीवर दोष ठेवण्याची सोय तिला होती, आणि पतीला देवत्व देण्याचीही. दोन्ही तिने टाळल्या आहेत.

या संहितेतील 'आम्ही' हे पूर्वीच्या दोन्ही संहितांतील रूपांपेक्षा वेगळे आहे. 'आपण' म्हणण्यासाठी समोर दुसरे माणूस लागते. ते माणूस पोर्टलंडच्या पाण्यात संपले. उरते ते वाचकाला उद्देशून, भूतकाळात म्हटलेले 'आम्ही'. आणि पुस्तकाच्या शेवटी तेही 'मी'त मावळते. येथे मराठी वाचकाला रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथाचे शीर्षक आठवल्यावाचून राहत नाही. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये निवर्तले. नऊ वर्षांनी त्यांच्या पत्नीने लिहिलेल्या शीर्षकातील 'आमच्या' हे रूपही ज्याच्याशी 'आपण' म्हणता येत नाही अशा माणसाला स्वतःबरोबर वाचकापुढे आणणारे आहे, आणि आत पतीचा निर्देश नावाने न होता 'स्वतः' या शब्दाने होतो. दोन ग्रंथांचे जग, वर्ग आणि हेतू पूर्णतः भिन्न आहेत, आणि त्यांत प्रभावाचा संबंध शोधणे निरर्थक ठरेल. साम्य आहे ते केवळ व्याकरणातील. पण वैधव्याच्या लेखनात व्याकरण ही क्षुल्लक गोष्ट नसते.

डेव्हिसन १९५२-५३ मध्ये 'फेलिसिटी अॅन' या लहान नौकेतून अटलांटिक एकट्याने ओलांडणारी पहिली स्त्री ठरली, आणि तिचे 'माय शिप इज सो स्मॉल' हे पुस्तक १९५६ मध्ये आले. कीर्ती या दुसऱ्या प्रवासाला मिळाली. महासागर आणि एकटेपणा यांना झुकते माप देणाऱ्या परंपरेला हे साजेसेच होते. परंतु वाङ्मयीन दृष्ट्या अधिक अवघड काम पहिल्या पुस्तकाने केले आहे. एकट्याच्या प्रवासात 'मी' म्हणण्याचा अधिकार कोणी हिरावून घेत नाही. बुडालेल्या 'आम्ही'चे सत्य, मृताच्या वतीने न बोलता आणि स्वतःला न सोडविता, लिहिणे ही त्याहून कठीण गोष्ट होय.

७

प्रस्तुत विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, नौकेवर आज्ञा एकाचीच चालावी लागते. वादळात मतदान घेता येत नाही. हे खरे आहे. पण आज्ञेची एकवाक्यता ही समुद्रावरची गरज आहे, लेखनातील नव्हे. पुस्तक बंदरात लिहिले जाते. तेथे हवा शांत असते, वेळ असतो, आणि दुसऱ्याचे म्हणणे आठवण्यास कोणतीही अडचण नसते. तेथेही ते आठवले नाही, तर त्याचा दोष वाऱ्याला देता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, सर्वनामांवर एवढा भार टाकणे म्हणजे अनुभवाचे भाषेत विसर्जन करणे होय. परंतु पोर्टलंडचा खडक ही भाषेची निर्मिती आहे असा दावा येथे केलेला नाही. वारा, वाळू आणि भरती भाषेपूर्वी असतात. त्यांच्यासमोर दोघांनी मिळून काय ठरविले, आणि ते 'दोघांनी' ठरविले असे म्हणण्याचा अधिकार लेखकाला कशाने मिळाला, हे मात्र फक्त भाषेतच तपासता येते.

तीन संहितांतून हाती येणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण उपयुक्त आहे. जोडप्याच्या प्रवासवर्णनात स्त्रीला नाव आहे की नाही, ती सुकाणू धरते की पातेले, यापेक्षा अधिक कसोटीचा प्रश्न असा की, हवा बदलली त्या क्षणी तिला विचारले गेले काय, आणि तिचे उत्तर पानावर आले काय. 'रकुंड्रा'च्या वर्णनात ते उत्तर आले नाही. 'गॉब्लिन'च्या कथेत ते आले, पण बहिणीच्या तोंडी. 'रिलायन्स'च्या हकिकतीत ते उत्तर देणारीच निवेदक झाली, तेव्हा प्रश्न विचारणारा उरला नव्हता. विवाहित जीवनाच्या, आणि त्याच्या लेखनाच्या, इतिहासात या तिन्ही अवस्था समुद्राबाहेरही पुष्कळ आढळतील. समुद्रावर त्या ठळक दिसतात एवढेच, कारण तेथे हवा तासागणिक पालटते, नौका लहान असते, आणि दुसऱ्याचे मत ऐकू आले नाही असे म्हणण्याइतके अंतर दोघांमध्ये नसते.